मागाहूनचा आनंद : ओकायामाचे कोराकुएन उद्यान

उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुलांचे ताटवे, कारंजी, झोपाळे, घसरगुंड्या आणि फाटकाबाहेर उभी असलेली भेळेची गाडी येते. जपानमधील ओकायामा शहरात कोराकुएन नावाचे एक विख्यात उद्यान आहे. त्यात प्रथमच पाऊल टाकणारा आपल्याकडील प्रवासी क्षणभर गोंधळून जाण्याचा संभव आहे. तेथे विस्तीर्ण हिरवळ आहे, संथ वाहणारा ओढा आहे, तळी आहेत, एक ठेंगणी टेकडी आहे, आणि या सर्वांच्या जोडीला चक्क भाताची खाचरे व चहाचा मळाही आहे! राजाच्या बागेत भाताची खाचरे कशासाठी, हा प्रश्न ज्याला पडला, त्याने ते उद्यान पाहण्यास खरी सुरुवात केली असे समजावे. या प्रश्नाचे उत्तर त्या उद्यानाच्या इतिहासात आणि त्याच्या नावात दडलेले आहे.

ओकायामा हे शहर जपानच्या होन्शू या मुख्य बेटावर, ओसाका आणि हिरोशिमा या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान वसले आहे. अतिवेगवान रेल्वेने तेथे सहज पोहोचता येते. स्थानकाबाहेर ट्रामगाडी मिळते. तीतून थोडे अंतर जाऊन उतरावे आणि दहाएक मिनिटे पायी चालावे, की आसाही नदीचे रुंद पात्र दिसू लागते. या नदीच्या दोन प्रवाहांच्या मधोमध असलेल्या बेटासारख्या भूमीवर कोराकुएन पसरले आहे. त्याचा विस्तार सुमारे १३ हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने ३३ एकरांच्या आसपास आहे. नदीच्या पलीकडच्या काठावर काळ्या रंगाच्या भिंतींचा ओकायामाचा किल्ला उभा आहे. या काळ्या रंगामुळेच लोक त्याला ‘कावळ्याचा किल्ला’ म्हणतात. कानाझावा येथील केनरोकुएन, मितो येथील काइराकुएन आणि ओकायामाचे कोराकुएन ही जपानमधील तीन श्रेष्ठ उद्याने मानली जातात.

हे उद्यान कोणी निर्माण केले? सतराव्या शतकात जपानचा कारभार अनेक सरदार-घराण्यांत वाटलेला होता. ओकायामाचा प्रदेश इकेदा घराण्याकडे होता. या घराण्यातील त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली आपला कारभारी त्सुदा नागातादा याला किल्ल्यामागे बाग उभारण्याची आज्ञा केली. १७०० साली ती बहुतांशी पूर्ण झाली. हा नागातादा म्हणजे केवळ बागांचा हौशी जाणकार नव्हता. आसाही नदीच्या पुरापासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून जादा पाण्याला वेगळी वाट काढून देणाऱ्या ह्याक्केन कालव्याचे काम त्याने केले. समुद्रकाठची उथळ जमीन बांध घालून त्याने लागवडीखाली आणली. त्सुनामासाचे वडील मित्सुमासा यांच्या आज्ञेवरून १६७० साली शिझुतानी येथे सामान्य रयतेच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली, तिची उभारणीही याच नागातादाच्या हातची. त्या शाळेची इमारत आजही उभी आहे आणि जपानने तिला राष्ट्रीय ठेवा म्हणून जपले आहे. शाळा आधी सुरू झाली आणि बागेची आज्ञा तिच्यानंतर सतरा वर्षांनी निघाली, हा क्रम विद्यार्थी मित्रांनी ध्यानात ठेवावा.

आता नावाकडे वळू. प्रारंभी या बागेला किल्ल्यामागची बाग एवढ्याच अर्थाचे साधे नाव होते. ‘कोराकुएन’ हे नाव तिला १८७१ साली मिळाले. ‘को’ म्हणजे नंतर, ‘राकु’ म्हणजे आनंद आणि ‘एन’ म्हणजे उद्यान. नंतरच्या आनंदाचे उद्यान! या नावामागे चीनमधील फान चुंग-येन या अकराव्या शतकातील मुत्सद्द्याचा एक विचार आहे. राज्यकर्त्याने जगाच्या आधी चिंता वाहावी आणि जग सुखी झाल्यावर मगच स्वतः आनंद भोगावा, असे त्याचे सांगणे होते. टोकियो शहरातही याच विचारावरून नाव मिळालेले एक जुने उद्यान आहे. त्याला कोइशिकावा कोराकुएन म्हणतात. प्रवाशाने या दोहोंत गल्लत करू नये.

हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. मुलाच्या लग्नाची गडबड घरात चालू असता तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाण्याची कामगिरी हाती घेतली. आधी लग्न कोंढाण्याचे आणि मग रायबाचे, असा निर्धार त्यांनी केला, असे परंपरा सांगते. ही १६७० सालची गोष्ट. म्हणजे ज्या वर्षी जपानमध्ये शिझुतानीची शाळा सुरू होत होती, त्याच वर्षी सह्याद्रीत सिंहगड सर होत होता. दोन देशांना एकमेकांची वार्ताही नव्हती, परंतु कर्तव्य आधी आणि आनंद मागाहून हे शहाणपण दोन्हीकडे पूज्य मानले जात होते. सिंहगडाचे नाव पुढे आपल्याला आणखी एका निमित्ताने घ्यावयाचे आहे.

नाव समजले, आता उद्यानात फिरू. जपानी बागांचे अनेक प्रकार आहेत. काही बागा देवळाच्या ओसरीवर स्थिर बसून पाहावयाच्या असतात. तेथे पांढरी वाळू आणि शिळा एवढ्यांतूनच समुद्र व पर्वत सुचविलेले असतात. कोराकुएन हे याहून वेगळे, पायी फिरून पाहावयाचे उद्यान आहे. त्याची वाट मुद्दाम वळणावळणाची केलेली असते. सगळी बाग एका दृष्टिक्षेपात दिसू नये, अशी योजना त्यात असते. एक वळण घ्यावे तो झाडांआड लपलेले तळे पुढे येते. दुसरे वळण घ्यावे तो तेच तळे निराळ्या बाजूने दिसते आणि आधी न दिसलेले बेट त्यात प्रकट होते. कसलेला कीर्तनकार आख्यान रंगवताना सारी कथा एकदम सांगून टाकीत नाही, श्रोत्यांची उत्कंठा राखीत पुढे नेतो, तशीच ही रचना आहे. बागेच्या मध्यभागी सावानोइके नावाचे मोठे तळे आहे. त्याच्याजवळ युइशिनझान नावाची टेकडी असून तिची उंची जेमतेम सहा मीटर आहे. आपल्याकडील गडकोट चढणाऱ्या मुलांना ती टेकडी म्हणजे वारूळच वाटेल! परंतु सपाट बागेत एवढ्या उंचीवरूनही सारे तळे, हिरवळ आणि ओढ्याची वळणे एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात येतात. ही टेकडी त्सुनामासाच्या पुढील पिढीत झाली.

या बागेचा प्राण म्हणजे पाणी. जुन्या काळी आसाही नदीच्या पात्रातून, सुमारे चार किलोमीटर वरच्या अंगाने, पाट काढून ते येथवर आणले होते. आत आल्यावर ते ओढ्याच्या रूपाने हिंडते, तळी भरते, लहानशा धबधब्यावरून उतरते आणि पुन्हा नदीला मिळते. र्यूतेन नावाचा एक लाकडी मंडप या ओढ्यावरच बांधला आहे. मंडपाच्या मधोमध पाण्याचा प्रवाह खेळता ठेवला असून त्यात सुंदर रंगांचे सहा दगड मांडले आहेत. दोन्ही बाजूंना बसावे, पाण्याचा मंद आवाज ऐकावा आणि काही बोलू नये, हाच त्या मंडपाचा उपयोग. ऐश्वर्याचे प्रदर्शन करण्याची सारी साधने हाताशी असताना त्या लोकांनी वाहते पाणी आणि सहा दगड एवढ्यावर समाधान मानले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता त्या भाताच्या खाचरांकडे येऊ. प्रारंभी या बागेच्या पुष्कळ भागावर शेतेच होती; आज दिसणारी विस्तीर्ण हिरवळ नंतरची. त्यातील थोडी शेती अद्याप मुद्दाम राखली आहे. एका ठिकाणी चौकोनी जमिनीचे नऊ सारखे भाग पाडलेले दिसतात. प्राचीन चीनमध्ये आठ कुटुंबांनी भोवतालचे आठ भाग स्वतःसाठी कसावे आणि मधला नववा भाग सर्वांनी मिळून राज्यासाठी कसावा, अशी पद्धत होती असे सांगतात. तिची ही आठवण होय. राजाच्या विहाराच्या जागी कराचा आणि कष्टाचा हा नकाशा असावा, यात मोठा बोध आहे. दरवर्षी जून महिन्यात तेथे भातलावणीचा सोहळा होतो आणि मे महिन्यात चहाची कोवळी पाने खुडली जातात. बेळगाव-खानापूर भागातील ज्या मुलांनी पावसात गुडघाभर चिखलात उभे राहून आईवडिलांबरोबर रोपे लावली आहेत, त्यांना या सोहळ्याचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

याच खाचरांच्या पाण्यात जुलैच्या सुमारास गुलाबी कमळे उमलतात. त्यांची कथा अद्भुत आहे. ओगा इचिरो हे वनस्पतिशास्त्रज्ञ मूळचे ओकायामाचे. टोकियोजवळील चिबा येथे १९५१ साली जमिनीच्या खोल थरात, प्राचीन काळच्या अवशेषांत, त्यांना कमळाची तीन बीजे सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असावीत असे मानले जाते. त्यांतील एका बीजापासून वाढलेल्या रोपाला १९५२ च्या जुलैमध्ये फूल आले. त्याच वंशातील ‘ओगा कमळ’ आज कोराकुएनमध्ये फुलते. कमळाच्या बीजाचे कवच अत्यंत कठीण असते; पाणी व हवा आत शिरू न देता ते आतील जीव दीर्घकाळ राखून ठेवते. आनंद मागाहून येणे कशाला म्हणावे, याचे याहून बोलके उदाहरण निसर्गातही विरळाच!

या उद्यानाचे आणखी एक रहस्य त्याच्या कुंपणाबाहेर आहे. हिरवळीवरून पाहिले असता झाडांच्या शेंड्यांवर काळा किल्ला आणि त्यामागे दूरचे डोंगर दिसतात. ते सारे बागेचाच भाग असल्यासारखे भासते. जपानी उद्यानकार या युक्तीला जे नाव देतात, त्याचा अर्थ ‘उसने घेतलेले दृश्य’ असा आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी, तसा बागेने शेजारच्या डोंगराकडून डोंगर उसना आणलेला असतो! त्याला मोल पडत नाही. मात्र उसनवारीला एक अट असते. शेजारी देईल तोवरच ती चालते. मध्येच कोणी उंच इमारत उभी केली, तर बागेतील एकही फांदी न तोडता बागेचे अर्धे सौंदर्य नाहीसे होते. क्योतो शहरात एन्त्सूजी नावाचे एक मंदिर आहे. त्याच्या बागेने हिएई पर्वत असाच उसना घेतलेला आहे. त्या पर्वताचे दर्शन झाकले जाऊ नये म्हणून क्योतो नगराने २००७ साली दृश्यरक्षणाचे नियम केले आणि भोवतालच्या बांधकामांवर मर्यादा घातल्या. बाग माळ्याने सांभाळावयाची असते एवढेच आपण मानतो. ती शेजाऱ्यांनी आणि साऱ्या शहरानेही सांभाळावयाची असते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

कोराकुएन मूळची सरदाराची खासगी बाग. काही प्रसंगी परवानगीने रयतेला आत येता येई, परंतु तो हक्क नव्हता. १८७१ साली जपानमधील सरदारांच्या जहागिरी बरखास्त झाल्या. बागेला नवे नाव मिळाले तेही याच वर्षी. प्रजेनंतर आनंद भोगावा हे तत्त्व बागेच्या नावात आले, तेव्हा तो आनंद भोगणाऱ्या सरदाराचे राज्यच संपले होते! १८७३ साली जपानी सरकारने सार्वजनिक उद्यानांची पद्धत सुरू केली आणि टोकियोतील उएनोसारख्या जागा लोकांसाठी ठरविल्या. १८८४ साली कोराकुएन ओकायामा प्रांताच्या मालकीचे होऊन सर्वांना खुले झाले. आपल्याकडेही असा पालट घडला आहे. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचे तळे होते आणि त्यातील बेटावर गणपतीचे देऊळ होते. ते तळे पुढे बुजले आणि आज त्या जागी सारसबागेत सामान्य माणसाची मुले बागडतात. राजाची बाग लोकांची होते, तेव्हा राजाचे कर्तव्यही लोकांकडे येते. चिंता आधी आणि आनंद नंतर, हा नियम मग प्रत्येक नागरिकाला लागू होतो.

ओकायामाच्या लोकांची या बाबतीत कठोर परीक्षा झाली. १९३४ साली मोठ्या तुफानाबरोबर आलेल्या महापुराने बागेची नासधूस केली. त्यातून ती सावरते न सावरते तोच महायुद्ध आले. १९४५ च्या जूनमधील २९ तारखेस पहाटेपूर्वी शहरावर बॉम्बहल्ला झाला. त्यात १,७०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. काळा किल्ला जळाला. बागेतील एन्योतेई हे मुख्य निवासगृह भस्मसात झाले. र्यूतेन मंडप मात्र बचावला. ज्या शहराला अन्न आणि निवारा नाही, त्याने बागेची काळजी का वाहावी, असे कोणीही म्हणाला असता. परंतु घरे उभी राहत गेली तशी बागही उभी राहिली. १९५२ साली तिला राष्ट्राच्या विशेष सौंदर्यस्थळाचा मान मिळाला. १९६० साली एन्योतेई पुन्हा बांधले गेले. आणि १९६६ साली किल्ल्याचा मनोरा नव्याने उभा राहिला. एकवीस वर्षे हरवलेले उसने दृश्य बागेला परत मिळाले.

ही पुनर्घटना शक्य कशी झाली? कारण जुन्या पिढ्यांनी बागेची चित्रे आणि आराखडे काढून जपून ठेवले होते. कोणते झाड कोठे होते, ओढा कोठे वळत होता, मंडपाचे छप्पर कसे होते, हे त्या कागदांवरून कळले. विटा जळतात, झाडे वाहून जातात, परंतु काळजीपूर्वक काढलेला एक नकाशा दोनशे वर्षांनंतर बाग परत आणू शकतो. आपल्या गावातील देवराई, विहीर, पाणवठा, जुना वाडा यांचे नकाशे आणि चित्रे कोणाजवळ आहेत? चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर आणि त्यामधील सूर्य काढून झाल्यावर हेही काम हाती घेण्यासारखे आहे.

युद्धानंतर बागेत आणखी एक उणीव राहिली होती. कोराकुएनमध्ये पूर्वापार क्रौंच पक्षी पाळीत. युद्धाच्या धामधुमीत ते सर्व नाहीसे झाले. चीनमधील लेखक ग्वो मो-रो यांनी तरुणपणी ओकायामात शिक्षण घेतले होते. वार्धक्याकडे झुकल्यावर ते जपानला आले, तेव्हा बागेत क्रौंच नाहीत हे त्यांना समजले. १९५६ साली त्यांनी दोन क्रौंच पक्षी भेट म्हणून पाठविले. ज्या दोन देशांमध्ये दीर्घकाळ युद्ध झाले होते, त्यांच्यामधून पाखरांची ही जोडी मैत्री घेऊन आली. आजही तेथे पांढऱ्या अंगाचे व लाल माथ्याचे क्रौंच आहेत आणि नववर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांना बागेत मोकळे फिरविण्याची प्रथा आहे.

असाच एक पाहुणा भारतातूनही जपानच्या उद्यानात गेला होता. युद्धकाळात टोकियोच्या उएनो उद्यानातील प्राणिसंग्रहालयाचे हत्ती प्राणास मुकले. युद्ध संपल्यावर तेथील मुलांनी पंडित नेहरूंना पत्रे लिहून हत्तीची मागणी केली. १९४९ साली पंडितजींनी आपल्या कन्येचे नाव दिलेली ‘इंदिरा’ नावाची हत्तीण पाठविली. ती म्हैसूरकडची असल्यामुळे तिला कानडी हुकूमच समजत! तिच्याबरोबर गेलेल्या माहुतांकडून जपानी रक्षकांना ते कानडी शब्द शिकून घ्यावे लागले. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही हकीकत विशेष गोड वाटावी. ज्याच्याशी स्नेह जोडावयाचा, त्याची भाषा चार शब्द तरी शिकावी लागते, हे त्या हत्तिणीने टोकियोला शिकविले.

उद्यानांच्या वाटेने येणारी ही मैत्री पुढे पुण्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. ओकायामा आणि पुणे या शहरांच्या स्नेहाचे प्रतीक म्हणून कोराकुएनच्या धर्तीवर पुण्यात एक उद्यान उभारले गेले आणि २००६ साली ते लोकांना खुले झाले. सुमारे दहा एकरांचे हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान कोठे आहे म्हणाल, तर सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर! आधी कोंढाणा आणि मग लग्न म्हणणाऱ्या तानाजींच्या गडाची वाट आणि नंतरच्या आनंदाचे उद्यान यांची गाठ अशी आपोआप पडली आहे. शेजारून जाणाऱ्या कालव्याचे पाणी त्यात ओढ्याच्या रूपाने खेळविले आहे. वळणाची वाट, तळी, कमानदार पूल आणि मोकळी हिरवळ ही कोराकुएनची लक्षणे तेथे ओळखता येतात. ओकायामाच्या बागेने काळा किल्ला उसना घेतला, तर पुण्याच्या बागेला पर्वतीची टेकडी शेजारी लाभली आहे.

या उद्यानाला महाराष्ट्राचे लाडके लेखक पु. ल. देशपांडे यांचे नाव दिले आहे. आपल्या दृष्टीने यात दुहेरी औचित्य आहे. पु. लं.नी जपानचा प्रवास केला आणि ‘पूर्वरंग’ या प्रवासवर्णनात त्या देशाची ओळख मराठी वाचकांना करून दिली. आणि हेच पु. ल. काही काळ आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. बेळगावची माणसे आणि बेळगावची कानडी वळणाची मराठी त्यांच्या लेखनात अमर झाली आहे. तेव्हा पुण्यातील जपानी बागेच्या दारावर आपल्या ओळखीचे नाव आहे, असे बेळगावकराने खुशाल म्हणावे.

निपाणीवरून जाणारा महामार्ग सरळ पुण्यास पोहोचतो. शाळेच्या सहली त्या वाटेने नेहमीच जातात. शनिवारवाडा आणि सिंहगड पाहून झाल्यावर या उद्यानासाठी तासभर राखून ठेवावा. मात्र ते पाहताना घाई करू नये. वाट जशी वळते तसे वळावे. प्रत्येक वळणावर क्षणभर थांबून आता काय नवे दिसले आणि काय दृष्टीआड झाले, याकडे लक्ष द्यावे. पाणी कोठून आत येते आणि कोठे जाते, याचा माग काढावा. कुंपणाबाहेरचे काय बागेत आणले आहे ते शोधावे. हिरवळ तुडवू नये, फूल तोडू नये, कागद टाकू नये. या सूचना रखवालदाराच्या शिटीमुळे पाळावयाच्या नसून, आपल्यामागून येणाऱ्या मुलालाही तेच दृश्य मिळावे म्हणून पाळावयाच्या आहेत. आधी त्याची चिंता आणि मग आपली मौज. हाच कोराकुएनचा अर्थ.

ज्यांना पुणेही दूर वाटते, त्यांनी आपल्या गावाकडेच या दृष्टीने पाहावे. बेळगावच्या किल्ला तलावाचे पाणी, टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोची दाट झाडी, येळ्ळूरच्या डोंगरावर दिसणारा राजहंसगड, निपाणीचा जवाहर तलाव, तवंदी घाटाचे डोंगर, ही आपली स्वतःची आणि उसनी संपत्ती आहे. या जागांना पहारे बसविण्याइतके पैसे कोणाजवळ नाहीत आणि त्या पहाऱ्यांनी त्या टिकणारही नाहीत. तळ्यात कचरा पडतो तेव्हा, जुने झाड विनाकारण तुटते तेव्हा, डोंगर झाकला जातो तेव्हा, आपण गप्प राहतो की दोन शब्द बोलतो, यावर त्यांचे भवितव्य ठरावयाचे आहे.

विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या आवारात आज जे रोप तुम्ही लावाल, त्याच्या सावलीत बसण्यापूर्वीच तुम्ही शाळा सोडून गेलेले असाल. ती सावली तुमच्यामागून येणाऱ्या, तुम्हांला ठाऊकही नसलेल्या मुलांना मिळेल. त्सुदा नागातादाने १७०० साली मांडलेली बाग आज सव्वातीनशे वर्षांनंतर पाहणाऱ्यांची नावे तरी त्याला कोठे ठाऊक होती? उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या रोपाला पाणी घालण्याची पाळी आपसांत वाटून घ्या. झाड मोठे झाल्यावर आनंद करणारे पुष्कळ मिळतील. मे महिन्यातील दोन घागरी मात्र कोणी तरी आधी वाहून आणावयास हव्यात.